एकट्याने लढायचे बेट

युद्धाचा खेळ एकट्याने खेळण्यात काय अर्थ, असा प्रश्न बुद्धिबळावर वाढलेल्या माणसाला पडणारच. समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखण्यातच सगळे डावपेच आले, अशी आपली समजूत असते. बहुतेक लढायांना ती लागू पडते. बेटावरच्या चढाईला ती फारशी लागू पडत नाही, असे माझे मत आहे, आणि ते बनले एका पटावर.

जॉन बटरफिल्ड यांचा ‘डी-डे अ‍ॅट तारावा’ हा बोर्डगेम 2014 साली आला. त्याची मूळ पद्धत त्यांनी 2009च्या ‘डी-डे अ‍ॅट ओमाहा बीच’मध्ये घडवली होती. तारावा हे पॅसिफिकमधल्या गिल्बर्ट बेटांपैकी, आजच्या किरिबाती देशातले. त्यातल्या बेतिओ नावाच्या चिमुकल्या बेटावर, जे सर्वात रुंद जागीही किलोमीटरभर भरत नाही, 20 ते 23 नोव्हेंबर 1943 या काळात अमेरिकेची दुसरी मरीन डिव्हिजन उतरली आणि 76 तास लढली.

खेळाडू अमेरिकी सैन्य चालवतो. जपानी बाजू पट आणि पत्ते चालवतात. प्रत्येक जपानी मोर्च्याला एक रंग आहे आणि त्याच्या माऱ्यात येणारी षटकोनी घरे त्याच रंगाच्या ठिपक्यांनी पटावर आधीच छापलेली आहेत. पत्ता उलटला की कोणत्या रंगाचे मोर्चे गोळीबार करणार ते ठरते, आणि त्या पत्त्यावरचे चिन्ह ज्या सोंगटीवर असेल तिला मार बसतो. ठिपक्यांची दाटी कुठे आहे हे तुम्हाला दिसत असते. तरीही त्याच घरांतून पुढे जावे लागते, कारण मागे पाणी आहे.

त्या पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. बेतिओभोवती किनाऱ्यापासून काही शे मीटरवर प्रवाळाची रांग आहे. ती पार करायला सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींना चारेक फूट पाणी हवे होते. चढाईची तारीख पडली वद्य अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती. या बेटांवर अनेक वर्षे राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी पाणी पुरणार नाही असे बजावले होते. तरी धोका पत्करला गेला. पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर गाड्या, म्हणजे अ‍ॅमट्रॅक, प्रवाळावरून चढून गेल्या, पण त्या पुरेशा नव्हत्या. मागून आलेल्या बोटी अडकल्या आणि त्यांतली माणसे पाण्यात उतरून, रायफली डोक्यावर धरून, मशीनगनच्या तोंडी चालत गेली. कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला अष्टमीचे पाणी कसे असते हे सांगावे लागत नाही. तिथे अमेरिकी आरमाराच्या नियोजकांना जे सांगितले गेले, ते त्यांनी निर्णायक मानले नाही.

आता शत्रूच्या मनाचा प्रश्न. बेतिओचे सेनापती रिअर अ‍ॅडमिरल केइजी शिबासाकी पहिल्याच दुपारी मारले गेले. तोफांच्या माऱ्याने टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. त्या रात्री पाचेक हजार मरीन वाळूच्या अरुंद पट्टीवर कोंडलेले होते, जपान्यांनी उलट हल्ला केला असता तर ते समुद्रात ढकलले गेले असते असे मानतात. हल्ला झाला नाही. कारण तो ठरवणारे कोणी उरले नव्हते. बहुतेक मोर्चे आपापल्या भोकांतून, आपापल्या माऱ्याच्या टापूत, मरेपर्यंत लढत राहिले. पत्त्यांनी चालणारा शत्रू ही या खेळातली तडजोड आहे असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. तारावावर शत्रू खरोखरच असा उरला होता.

शिवाय पत्त्यांना कोणाची भीड नसते, माणसांना असते. मे 1942 मध्ये जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या मोहिमेचा सराव नकाशावर केला. फाशांनुसार अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले, जपानी विमानवाहू जहाजे बुडाली. मुख्य पंच उगाकी यांनी नवाचे तीन केले, आणि त्यांतले बुडालेले ‘कागा’ पुढच्या सरावात पुन्हा पाण्यावर आले, असे त्याच आरमारातले अधिकारी फुचिदा यांनी लिहून ठेवले आहे. जूनमध्ये ‘कागा’ खरोखर बुडाले, सोबत आणखी तीन. सरावात माणसे होती, हुशार होती, आणि वरिष्ठांना काय आवडेल हे त्यांना ठाऊक होते. एकट्याने खेळताना फसवायला फक्त स्वतःच असतो, आणि ते लगेच कळते.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खुपते. खेळाडूची जागा ठरलेली आहे: चढाई करणाऱ्याची. ठिपक्यांमागे माणसे होती हे पट सांगत नाही. जपान्यांनी राबवायला आणलेले सुमारे बाराशे कोरियन मजूर त्याच बेटावर होते. ऑक्टोबर 1942 मध्ये जपान्यांनी तिथे मारलेल्या 22 कैद्यांत न्यूझीलंडचे किनारा-पहारेकरी होते. बेट ज्यांचे होते त्या गिल्बर्टवासीयांबद्दल तर लढाईचे इतिहासही फार बोलत नाहीत. म्हणून हा खेळ मी आग्रहाने सुचवतो, पण तो मांडण्याआधी तारावाचा इतिहास वाचावा हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. हजारावर अमेरिकी तिथे मेले. बेतिओवरच्या साडेचार हजारांहून अधिक जपानी आणि कोरियनांपैकी जिवंत हाती लागले 17 जपानी आणि 129 कोरियन.