दोन्ही हात शिडीचे

दाभोळच्या खाडीकाठी एका गावात सारंगआबा राहत. मालवाहू जहाजावर साधे खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन निवृत्त झाले. एकदा साइन ऑन केलं की आठ-नऊ महिने घर दिसायचं नाही. तेवढ्या मुदतीचं सामान एका किटबॅगेत मावायचं.

त्यांच्या नातीला हॅम्बुर्गला प्रवेश मिळाला. मुक्काम दोन वर्षांचा. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा होत्या, आणि एकदा मिळतायत म्हटल्यावर काटा तेविसावर टेकेपर्यंत आपल्याकडच्या घरांना चैन पडत नाही. आईने कुकर ठेवला आणि त्याच्या पोटात मेतकूट, गोडा मसाला दडपला. आजीने पोळपाट-लाटणं, तुपाचा डबा आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढल्या. आत्याने दोन जाड रग दिले, कारण तिकडे बर्फ असतो. शेजारीण ‘एवढंसंच’ म्हणत कोकमाची बरणी घेऊन आली.

आबा पडवीत बसून बघत होते. कुलपं लागल्यावर म्हणाले, “बाय, ह्या दोन्ही घेऊन पाखाडी उतर. खालच्या एसटी थांब्याला हात लाव आणि वर ये. एकटीने.”

उतरताना चाकं जांभ्याच्या पायऱ्यांवर आपटत गेली. चढताना मात्र दोन्ही बॅगा एकदम उचलेनात. मधल्या वळणावर तिने एक टेकवून ठेवली, दुसरी दोन्ही हातांनी कवळून वर आणली आणि धापा टाकत पहिलीसाठी परत वळली.

“थांब. खालच्या बॅगेची राखण कोण करतंय?”

“इथं कोण नेणार आहे, आबा?”

“इथं कोणी नाही. पण फ्रँकफर्टला उतरून तू पुढे रेल्वेने जाणार. तिथं सरकता जिना बंद असला तर काय करशील? एक खाली सोडून दुसरी वर नेशील? बरं, तुझी मूळ सर्टिफिकेटं कुठायत?”

“त्याच बॅगेत. तळाला. चुरगळू नयेत म्हणून.”

आबा हसले नाहीत. “जहाज बंदराबाहेर नांगरलेलं असलं की लाँचमधून जायचं आणि दोराच्या शिडीने चढायचं. तेव्हा दोन्ही हात शिडीचे. बॅग मागून दोरीने येते, आली तर आली. जे हरवलं तर माणूस अडेल ते अंगावर ठेवायचं, बाकीचं बॅगेत. आणि बॅग आपली आपल्याला उचलली पाहिजे.”

मग त्यांनी एका पोराची गोष्ट सांगितली. तो त्यांच्या जहाजावर यायचा होता, फेरी पश्चिम आफ्रिकेची. तीन जोड बूट घेऊन आला, पण पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड नव्हतं. ती लस निदान दहा दिवस आधी टोचलेली लागते. ऐन वेळी धावपळ करून भागत नाही. जहाज गेलं. बूट आणि पोरगा मुंबईतच राहिले.

बॅगा पुन्हा उघडल्या. तूप निघालं, कारण दुधापासूनचे पदार्थ प्रवाशाला बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. सुकं खोबरं त्यातल्या तेलामुळे पेट घेऊ शकतं, ते विमानात चालत नाही. रग घरीच राहिले, थंडीचा चांगला कोट तिथलाच घ्यावा. कपडे सात दिवसांचे ठेवले, आठव्या दिवशी धुणं. पॉवर बँक मोठ्या बॅगेतून पाठीवरच्या सॅकमध्ये गेली, तिथंच कागद, औषधं, डॉक्टरची चिठ्ठी आणि जादा चष्मा. वीज तिकडेही २३० व्होल्टच, फक्त आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून एक अडॅप्टर. आजी लाटण्यावर अडून बसली. लाटणं राहिलं, पोळपाट घरी. टेबल तिकडेही असतंच.

“आणि कुकर काढलात तर पोर खाईल काय?” आजीने विचारलं.

“मसुरीची डाळ. भिजवली की साध्या पातेल्यात शिजते. अजून आठवडा आहे, शिकू दे.”

आठवडाभर घरात कुकरची शिट्टी वाजली नाही. पहिल्या दिवशी डाळ खाली लागली, दुसऱ्या दिवशी पाणी जास्त झालं. कागदांच्या झेरॉक्सचा एक संच आबांच्या कपाटात गेला, स्कॅन मेलवर. जर्मनमध्ये पत्ता विचारणं आणि समोरच्याला ‘हळू बोला’ म्हणणं, एवढं तिने रोज मोठ्याने म्हटलं. ही तयारी कुठल्याच काट्यावर दिसली नाही, त्यामुळे शेजारणीला शेवटपर्यंत पोरीचं काहीच झालेलं नाही असं वाटत होतं.

फ्रँकफर्टच्या स्थानकात गाडी आली ती डबे उलट्या क्रमाने लावून. जर्मनीत हे अधूनमधून होतं, आणि मग अख्खा फलाट पळत सुटतो. तीही पळाली, एक बॅग ओढत, सॅक पाठीवर. तिच्या डब्याच्या दाराशी पुण्याचा एक मुलगा दोन बॅगा घेऊन अडकला होता. एक चढवली की दुसरी खाली राहायची. तिचा एक हात मोकळा होता. तिने त्याची दुसरी बॅग आत ढकलली. दार लागलं. बॅगेत काहीतरी खुळखुळलं.

“कुकर?” तिने विचारलं.

“पाच लिटरचा,” तो कपाळ पुसत म्हणाला. “तूप कस्टमवाल्यांनी काढून घेतलं.”