टाळी

१९९८ साली ‘सीआयडी’ सुरू झाली, तेव्हापासून आमच्या बेळगावच्या घरात तिचे दोन प्रसंग सगळ्यांचे लाडके. एक, दया लाथ घालून दार तोडतो तो. दुसरा, त्याची थप्पड. ती बसली की गुन्हेगार घडाघडा बोलायला लागतो.

परवा जुना भाग लागला होता. थप्पड बसली आणि मी टाळी वाजवली. नातू म्हणाला, “आजी, तू तर मुंगीसुद्धा मारू देत नाहीस!” मी गप्पच झाले.

आपल्याकडे हिंसा तीन प्रकारे घडते असं सांगितलंय: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करायची नाही, दुसऱ्याकडून करवायची नाही, एवढं आपण सांभाळतो. तिसरी मात्र सोफ्यावर बसल्या बसल्या घडून जाते.

कुणी म्हणेल, अहो, ते नाटक आहे, कुणाला लागतंय? खरंय. पण मला झालेला आनंद काही नाटकी नव्हता. शिवाय मालिकेत खरा गुन्हेगार कोण, हे लेखकाला आधीच ठाऊक असतं. बाहेर तसं नसतं. म्हणून तर पोलिसांपुढे दिलेली कबुली आपला कायदा आरोपीविरुद्ध पुरावा मानत नाही.

मालिका मी सोडलेली नाही. पण आता थप्पड बसली की हात मांडीवरच ठेवते. नातू माझ्याकडे बघत असतो ना!