नाशिवंत देहाचे दात

किन्हवलीच्या हरिपाठात मी मधूनमधून पाण्याचा घोट घेते, ते काहींना खटकतं. "एकादशीला तरी निर्जळी करा, मावशी. देह काय, नाशिवंतच." परळला टाटा हॉस्पिटलात रेडिएशनच्या मशीनखाली चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून पडले, तेव्हा देह नाशिवंत असल्याचं मला पुरतं समजलं. पण नाशिवंत आहे म्हणून त्याची हयगय करायची का?

जिभेच्या कडेची कॅन्सरची गाठ काढली, मग रेडिएशन झालं. त्यात लाळेच्या ग्रंथी करपतात. 'विठ्ठल' म्हणताना माझी जीभ टाळूला चिकटून राहते. लाळ नसली की तोंडातलं आम्ल धुतलं जात नाही आणि दात हिरडीलगत किडतात. वरून धड दिसणारा दात भाकरी चावताना मुळाशी तुटतो.

जबड्याचं त्याहून अवघड. जिथे साठ ग्रेच्या (रेडिएशन मोजायचं एकक) वर मारा झाला, त्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा उणावतो. तिथला दात उपटला तर जखम भरेलच असं नाही. हाड उघडं पडून मरू शकतं, अगदी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून खराब दात रेडिएशनच्या आधीच, दोन-तीन आठवडे राखून काढतात. मुरबाडकडच्या, माझ्यासारखंच रेडिएशन झालेल्या ओळखीच्या एका बाईंनी दुखरी दाढ जवळच्याच दवाखान्यात काढून घेतली. रेडिएशनचं त्यांना कुणी विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. कित्येक महिने ती जागा मिटली नाही. गाव म्हणालं, भोग! मला हे मुळीच पटत नाही. तंबाखूच्या मिश्रीने कॅन्सर होतो, रेडिएशन झालेल्या हाडावरची जखम भरत नाही, हे कारण झालं. ते मानलंच पाहिजे. भोग म्हटलं की कारण शोधणंच थांबतं, आणि पुढच्या बाईची दाढ तशीच उपटली जाते.

वारी पायांनीच होते, नाम तोंडानेच घेतात. मग देह टाकाऊ कसा? शेजारणीचं भांडं आणलं तर आपण ते घासूनच परत देतो; देहही तसाच उसना. साखरेने दात किडतात, म्हणून मी प्रसादाचा बत्तासा कपाळाला लावून नातवाच्या हातावर ठेवते. रात्री साच्यात फ्लोराईडची जेल भरून दातांवर बसवते, नंतर चूळही भरत नाही. माझ्या लेखी ही सेवाच आहे, आणि ती जन्मभराची.

आषाढीला मी निर्जळी करणार नाही. कुणी महाराजांना विचारा म्हणालं तर जरूर विचारीन, पण घोट घेत घेत. आणि शहापूरला दात दाखवायला गेले की खुर्चीत बसण्याआधी रेडिएशनची फाईल डॉक्टरांपुढे ठेवीन. मुरबाडच्या बाईंनाही तेच सांगून ठेवलंय.