वारशाचा हिशेब

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी सोयरिकीच्या गोष्टी निघतात. मग कुणीतरी हलक्या आवाजात विचारतेच, "घराण्यात काही आजार वगैरे?" विचारणाऱ्याची काळजी खोटी नसते. परंतु शरीराचा वारसा म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या रक्तातील टी-पेशींचेच पाहा. रोगजंतूची खूण हेरण्यासाठी प्रत्येक पेशीच्या अंगावर एक ग्राही असतो. तो तयार करणारे जनुक आईबापांकडून आयते मिळत नाही. मिळतात ते सुटे तुकडे. छातीतील थायमस ग्रंथीत वाढणारी पेशी त्यांतले मोजके उचलून जोडते आणि सांध्यावर काही अक्षरे पदरची घालते. प्रतिपिंडांची जनुके अशीच जुळतात, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवले. १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. टी-पेशींच्या ग्राहींची जनुके १९८४ साली हाती लागली, तेव्हा तेथेही तीच रीत आढळली.

कोणता तुकडा अधिक वेळा वापरला जावा, याचा कल मात्र बराचसा वारशाने येतो. एकसारख्या जुळ्यांत तो परक्या दोघांपेक्षा अधिक जुळतो. तरीही त्याच जुळ्यांचे तयार ग्राही ताडून पाहिले, तर बहुतेक निराळेच निघतात!

म्हणजे आईबापांनी भांडवल दिले, कल दिला. मांडणी बरीचशी यदृच्छेने केली, आणि पुढे भेटलेल्या रोगजंतूंनी काही पेशींची संख्या वाढवली. यात माझे कर्तृत्व कितीसे? साथीतून मी सुखरूप सुटलो म्हणून मिरवू नये, तसे शेजारी अंथरुणाला खिळला म्हणून त्याच्या कुळाकडे बोटही दाखवू नये.

कुणी म्हणेल, मग पथ्यपाण्याला अर्थ काय? अर्थ आहेच. स्वच्छता, लस, वेळेवर औषध ही आपल्या हातची कामे. विवाहापूर्वी थॅलेसीमियासारख्या ठरावीक आजारासाठी दोघांनीही रक्त तपासून घेणे, हेही शहाणपणच. परंतु त्या तपासणीने एका प्रश्नाचे उत्तर मिळते. सबंध घराण्याला डाग लावण्याचा परवाना मिळत नाही. जाब विचारायचा तो हातच्या गोष्टींचा; पदरी पडलेल्या गोष्टींचा कोणी कोणाला विचारावा?

म्हणून मला वाटते, निरोगी माणसाने आजाऱ्याला भेटायला जाताना उपदेश घरीच ठेवावा. फराळाचा डबा तेवढा न्यावा, आणि घटकाभर त्याच्यापाशी बसावे.