चवीपुरतें मीठ

पाकशास्त्राचें कोणतेंही पुस्तक उघडा. डाळ किती, पाणी किती, हें सारें वाट्यांनीं मोजून दिलेलें आढळेल. मात्र मिठापाशीं येतांच ग्रंथकर्त्याची लेखणी अडखळते, आणि 'चवीपुरतें' एवढें लिहून पुढें सरते. नवशिक्यास या शब्दाचा राग येतो. आमच्या मतें साऱ्या पुस्तकाचें तत्त्वज्ञान याच एका शब्दांत आहे. चवीपुरतें म्हणजे कोणाच्या चवीपुरतें? हा प्रश्न ज्यास पडला, त्याच्या नीतिशिक्षणास आरंभ झाला असें समजावें.

गोदातीरावरील गंगाखेडाहून कोणी मुलगा शिक्षणासाठीं परभणीस, नांदेडास वा पुण्यास निघाला, कीं घरांत एकाएकीं पाकशास्त्राची चर्चा सुरू होते. आई घाईघाईनें सांगते: वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, म्हणजे मऊ खिचडी होते; वाटीभर बेसनास तीन वाट्या पाणी पुरे, परंतु पीठ आधीं थंड पाण्यांत कालवावें, नाहीं तर पिठल्यांत गुठळ्या राहतात. त्याच्या बहिणीस हें सांगावें लागत नाहीं. तिचा हात लहानपणींच परातींत गेलेला असतो. मुलीचें अज्ञान हा दोष आणि मुलाचें अज्ञान ही स्वाभाविक गोष्ट, हा न्याय कोणता? आम्हीही या अज्ञानांत बरींच वर्षें सुखानें काढलीं, हें येथें कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं ही श्रमविभागणी आहे. एकानें मिळवावें, दुसऱ्यानें रांधावें, यांत अन्याय कसला? आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु विभागणी ही दोघांनीं समजून केलेली असावी लागते. ज्यास एखादें काम येतच नाहीं, तो तें वांटून देत नसतो. तो केवळ परावलंबी असतो. शिवाय ज्या कामाचा अनुभव नाहीं त्याचें मोल त्यास कळत नाहीं, आणि ताटावर बसून दोष काढण्याचा अधिकार मात्र तो सोडीत नाहीं.

भाकरीचेंच पाहा. परभणीच्या कृषि विद्यापीठानें ज्वारीच्या एका वाणास 'परभणी मोती' असें नांव दिलें आहे. पण दाणा मोत्यासारखा असला तरी ज्वारीच्या पिठास गव्हाचा चिवटपणा नसतो. म्हणून तें कढत पाण्यांत भिजवून तळहाताच्या जोरानें मळावें लागतें. पहिली भाकरी थापतांना चिरते, दुसरी तव्यावर टाकतांना मोडते. जो या दोन भाकऱ्यांतून गेला, तो तिसरी कोणाच्या हातची आयती मिळाली असतां कडा जाड असल्याची तक्रार सहसा करीत नाहीं.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचें हजार पाकक्रियांचें पुस्तक १९१० सालीं निघालें. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं. जवळ सासू वा आई नसलेल्या कितीतरी स्त्रियांस अशा पुस्तकांनीं आधार दिला. पण धुरंधरबाईंच्या पुस्तकाचें नांव 'गृहिणीमित्र' होतें. त्या मैत्रीचा हात गृहस्थानेंही धरावयास हवा होता.

गंगाखेड हें परंपरेनें संत जनाबाईंचें जन्मगांव. तेथें त्यांची समाधि आहे. नामदेवांच्या घरीं दळण-कांडण करणाऱ्या या दासीनें तेंच काम अभंगांत आणलें, आणि प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या जात्याशीं दळूं लागला असें लोक शतकानुशतकें सांगत आले. पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचें म्हणून दाखविलें जाणारें जातें पाहून आपण हात जोडतों. देवानें खुंटा धरला तर ती भक्तवत्सलता. मग आपण तांदूळ धुतले तर त्यांत कमीपणा कसला?

म्हणून सोप्या पाककृति शिकणें ही परगांवीं जाणाऱ्या मुलाची तात्पुरती सोय समजूं नये. खिचडी मिळविणाऱ्यानेंही शिजवावी, रांधणारीनेंही. आणि मीठ घालतांना क्षणभर थांबून, हें कोण जेवणार आहे, याचा विचार करावा. तेवढ्या थांबण्यानें अन्नास चव येते, आणि घरासही.