सुरांतली भावना कुणाची?

१८०२ सालच्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाजवळच्या हायलिगनश्टाट या खेड्यात एकतीस वर्षांच्या लुडविग फान बीथोव्हनने आपल्या दोन भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. त्याचे कान निकामी होत चालले होते. दूरवर कुणी बासरी वाजवते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती ऐकू येते आणि आपल्याला येत नाही, ही नामुष्की त्याने त्या पत्रात नोंदवली. जीव द्यावा असे वाटले होते, पण कलेने मागे ओढून धरले, अशी कबुलीही दिली. ते पत्र त्याने कधी धाडले नाही. १८२७ साली तो गेल्यावर त्याच्या कागदपत्रांत ते सापडले.

एवढी भळभळती जखम उराशी असताना त्याने लिहिलेले संगीत काळेकुट्ट असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच वर्षी, त्याच मुक्कामाच्या आगेमागे पुरी झाली ती त्याची दुसरी सिम्फनी. ती डी मेजर या उजळ सुरावटीत आहे, आणि तिचा शेवटचा भाग तर दप्तर फेकून अंगणात धावलेल्या मुलासारखा उसळतो.

मोत्झार्टची गोष्टही अशीच आहे. १७८८च्या उन्हाळ्यात त्याच्यावर कर्ज होते आणि मित्राकडे उसने मागणारी पत्रे तो पुन्हा पुन्हा लिहीत होता. आपल्या रचनांची तो तारीखवार नोंद ठेवी. त्या वहीत २६ जून, २५ जुलै आणि १० ऑगस्ट या तीन तारखांना त्याच्या शेवटच्या तीन सिम्फनी पुऱ्या झाल्याची नोंद आहे. पहिल्या नोंदीनंतर तीनच दिवसांनी, २९ जूनला, त्याची सहा महिन्यांची मुलगी थेरेसिया वारली. पुढची सिम्फनी जी मायनरमधली, अस्वस्थ आणि धापा टाकणारी आहे. तिच्यात बापाचा शोक ऐकण्याचा मोह कुणाला होणार नाही? पण मग १० ऑगस्टच्या सिम्फनीचे काय करायचे? ‘ज्युपिटर’ म्हणून ओळखली जाणारी ती रचना सी मेजरमध्ये आहे. तिच्या अखेरीस पाच वेगवेगळ्या सुरावटी एकाच वेळी एकमेकींत गुंफल्या जातात आणि एकही दुसरीच्या पायात येत नाही. मूल गमावल्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

आपण संगीतकाराच्या चरित्राकडे किल्लीसारखे पाहतो. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत, रेकॉर्डच्या वेष्टनावर आधी आजारपण येते, कर्ज येते, फसलेले प्रेम येते, आणि मग आपण सुरांत तेच शोधू लागतो. भांड्यातून भांड्यात पाणी ओतावे तशी भावना संगीतकाराच्या काळजातून निघून आपल्या काळजात पडते, असे आपण गृहीत धरलेले असते. हायलिगनश्टाटचे पत्र आणि मोत्झार्टची वही हे गृहीतक मोडून टाकतात. तरीही या रचना ऐकताना आपल्या छातीत काही हलते, हे खोटे नाही. मग जे हलते ते कुठून येते?

व्हिएन्नाचा समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने १८५४ साली ‘संगीतातील सौंदर्य’ या विषयावर एक छोटे पुस्तक लिहून या प्रश्नाला थेट हात घातला. संगीताचा आशय म्हणजे नादातून हलणाऱ्या आकृती, असे त्याचे म्हणणे. त्याने दिलेले एक उदाहरण मला फार मार्मिक वाटते. ग्लुकच्या ‘ऑर्फेओ’ या १७६२च्या ऑपेरात नायक आपली पत्नी दुसऱ्यांदा गमावतो आणि विलाप करतो. त्या गाण्याने असंख्य श्रोते रडले आहेत. पण चाल पाहिली तर ती सी मेजरमध्ये आहे, सुंदर आणि शांत. शब्द बदलून ‘ती मला सापडली’ असे केले, तर तीच चाल आनंदाला तितकीच शोभेल, याकडे हान्सलिकने बोट दाखवले.

माझ्या मते हान्सलिकचे निरीक्षण बरोबर होते, पण तो फार लवकर थांबला. एकच चाल दुःखालाही शोभते आणि आनंदालाही, यावरून चालीत भावना नाही असे ठरत नाही. चालीत भावनेचे नाव नाही, एवढेच ठरते. आपल्या आतही भावना येते ती नाव घेऊन येत नाही. आधी श्वास अडकतो, पाय जड होतात, काहीतरी सुटल्यासारखे वाटते. त्याला शोक म्हणायचे की कृतज्ञता, हे मागाहून कळते. संगीत बोलते ते या नावाआधीच्या हालचालीशी.

आणि ही हालचाल घडवता येते, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडची बैठक ऐकलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. गवई समेच्या दिशेने येतो, येता येता वळण घेतो, आता येणार असे वाटत असताना आणखी एक तान टाकतो, आणि सम येते तेव्हा सगळ्या बैठकीच्या माना एकदम हलतात. गवयाचा त्या दिवशीचा आनंद किंवा त्याचे दुखणे आपल्याला ठाऊक नसते. आपल्याला वाट पाहायला लावले गेले आणि मग ती वाट संपवली गेली, हे मात्र आपल्या मानेला कळलेले असते. युरोपच्या संगीताने हेच वाट पाहायला लावणे स्वरमेळातून साधले. काही स्वरसमूह अस्थिर असतात, ते पुढच्या स्थिर समूहाकडे झुकतात, आणि कान त्या विसाव्याची वाट पाहतो. वाग्नरने १८६५ साली रंगमंचावर आलेल्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’मध्ये ही वाट किती ताणता येते ते दाखवले. सुरुवातीलाच एक अस्वस्थ स्वरसमूह येतो. त्याला खरा विसावा मिळतो तो थेट शेवटी, जवळजवळ चार तासांच्या संगीतानंतर. विरह या शब्दाची व्याख्या करायची गरजच उरत नाही, कारण तोवर श्रोत्याने तो अंगावर काढलेला असतो.

पण संगीतकार स्वतःच आपले दुखणे नाव घेऊन सांगत असेल तर? तसे एक उदाहरण आहे, आणि ते पुन्हा बीथोव्हनचेच आहे. १८२५च्या वसंतात तो पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठल्यावर हाती असलेल्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, ओपस १३२मध्ये, त्याने एक संथ भाग घातला आणि त्यावर स्पष्ट लिहिले की आजारातून बऱ्या झालेल्या माणसाने देवाला वाहिलेले हे कृतज्ञतेचे स्तोत्र आहे, लिडियन स्वरावलीत. तोवर त्याला ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. भेटायला येणारे लोक वहीत लिहून त्याच्याशी बोलत.

लिडियन ही जुन्या चर्चसंगीतातली स्वरावली. तिची खूण म्हणजे तीव्र मध्यम. भातखंड्यांच्या वर्गीकरणात हेच स्वर कल्याण थाटाचे. मी हा भाग पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुठेतरी यमनची सावली सापडेल अशी माझी अपेक्षा होती. ती सापडली नाही, आणि ती का सापडली नाही याचा विचार करण्यात माझे पुष्कळ दिवस गेले. यमनमध्ये तानपुरा पहिल्या क्षणापासून षड्ज सांगत असतो. त्या भक्कम जमिनीवर तीव्र मध्यम दिव्यासारखा लागतो. इथे तानपुरा नाही. चार वाद्ये फार सावकाश एकेक सूर ठेवत जातात आणि कान विचारत राहतो, सा कुठे आहे? एफ हा सा आहे असे रचना म्हणते, पण स्वरमेळ पुन्हा पुन्हा सीकडे कलतो. उभे आहोत खरे, पण पायाखाली नक्की काय आहे, हे कळत नाही. ज्याने कुणी दीर्घ दुखण्यानंतर पहिल्यांदा खाटेवरून पाय खाली सोडले आहेत, त्याला ही अवस्था चांगली ओळखीची आहे.

स्तोत्राच्या पाच ओळी आहेत. मग अचानक डी मेजरचा एक प्रकाशमान तुकडा येतो. त्यावर बीथोव्हनने लिहिले आहे की नवी शक्ती आल्यासारखे वाटते. पुन्हा स्तोत्र, पुन्हा शक्ती, आणि शेवटी पुन्हा स्तोत्र. दर वेळी परतताना स्तोत्र पहिल्यासारखे राहत नाही, त्याच्या सुरांभोवती आणखी हालचाल गुंफली जाते. अखेरच्या फेरीत तर चार आवाज इतके गुंतलेले असतात की मूळ ओळ धरून ठेवायला कान लावून बसावे लागते. आजार होता हे खरे, देवाचे आभार होते हेही खरे. पण बीथोव्हनने केले काय? शतकांपूर्वीची एक स्वरावली उचलली, ओळी मोजल्या, फेऱ्या आखल्या. स्वतःच्या ओटीपोटातली कळ त्याने एका अशा घरात बदलली, ज्यात कुणीही येऊन राहू शकेल.

आपल्या काव्यशास्त्रात यासाठी एक नेमका शब्द आहे, साधारणीकरण. भट्टनायकाने तो मांडला आणि अभिनवगुप्ताने त्याचा अर्थ आणखी खोल केला. रंगमंचावरचा शोक रामाचाही उरत नाही, नटाचाही नाही आणि प्रेक्षकाचा खाजगीही नाही. त्याची मालकी गळून पडते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. करुण रसातून आनंद कसा मिळतो, यावर मराठी समीक्षेने पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. न. चिं. केळकरांनी त्यासाठी ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली: स्वतःचे भान न सोडता दुसऱ्या अवस्थेत शिरण्याचा आनंद. हे विचार काव्य आणि नाटक डोळ्यांपुढे ठेवून झाले, पण मला ते शब्द नसलेल्या संगीताला अधिक लागू पडतात असे वाटते. नाटकात राम तरी असतो. क्वार्टेटमध्ये कुणीच नसते. तिथे मालकी गळायलाही काही उरलेले नसते.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विचार प्रामाणिक होणार नाही. ज्या घराला मालक नाही, त्यात कुणीही शिरू शकते. बीथोव्हनची नववी सिम्फनी १८२४ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्या अखेरीस माणसामाणसांतल्या बंधुत्वाचे गान आहे. १९४२च्या एप्रिलमध्ये बर्लिनमध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला वाद्यवृंदसंचालक फुर्टवेंगलरने तीच सिम्फनी वाजवली, नाझी अधिकाऱ्यांनी भरलेल्या सभागृहात. त्यांनाही भरून आले असेल, हे मला मान्य करावे लागते. त्यांचे कान आपल्यासारखेच होते. १९८९च्या नाताळात, भिंत पडल्यानंतर काही आठवड्यांत, लेनर्ड बर्नस्टाइनने त्याच शहरात तीच सिम्फनी वाजवली आणि गाण्यातला ‘आनंद’ हा शब्द बदलून ‘स्वातंत्र्य’ केला. सूर मात्र दोन्ही वेळा तेच होते.

म्हणून उत्तम संगीत माणसाला चांगले बनवते, हे वाक्य मी कधी म्हणत नाही. संगीत माणसाला उघडे करते. त्या उघड्या दारातून आत काय येऊ द्यायचे, हे काम सूर करत नाहीत, ते ऐकणाऱ्याचे आहे. भावना मालकाविना आपल्याकडे येते, याचा अर्थ ती आता आपल्या जबाबदारीवर आहे.

हायलिगनश्टाटचे पत्र मी अनेकदा वाचले आहे. दर वेळी बीथोव्हनबद्दल कळवळा येतो, आणि तो त्याच्यापाशीच थांबतो, कारण ते दुःख त्याचे आहे, त्याच्या सहीचे आहे. ओपस १३२मधले स्तोत्र ऐकताना मात्र काही क्षणांनी मला बीथोव्हन आठवतच नाही. आठवतो तो माझ्या घरातला एक दीर्घ पावसाळा, खाटेवरून उतरलेली दोन बारीक पावले, फरशीचा गारवा चाचपणारी. जर्मन येत नसलेल्या, चर्चची पायरी न चढलेल्या माझ्या घरात ते स्तोत्र येऊन पोहोचले आहे. पत्र त्याने दोन भावांसाठी लिहिले होते आणि ते कपाटातच राहिले. स्तोत्रावर कुणा माणसाचा पत्ता नव्हता, म्हणून ते मला मिळाले.