उंची कुठून मोजायची?

माणसाची उंची तळपायापासून मोजतात आणि लायकी शेजाऱ्यापासून. पहिल्या मापाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मी सात रस्त्यावर उभा राहून पुष्कळ विचार केलेला आहे. (तिथं रस्ता ओलांडायला मिळेपर्यंत कुणालाही तत्त्वज्ञ होण्याइतका वेळ मिळतो.) चौक दिसायला परातीसारखा सपाट. त्यात चढ कुठं आणि उतार कुठं, हे फक्त सायकलवाल्याला आणि पावसाच्या पाण्याला ठाऊक!

रेल्वेनं हा प्रश्न पाटी लावून सोडवला आहे. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आमचं सोलापूर समुद्राच्या साडेचारशे मीटर वर. आता आमच्या गावातल्या कितीतरी माणसांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण मोजायचं त्याच्यापासून. बरं, समुद्र तरी एका जागी बसतो? सकाळी भरती, दुपारी ओहोटी. म्हणून वर्षानुवर्षं नोंदी ठेवून सरासरी काढतात. 1909 साली देशभरच्या उंचीचं जाळं पक्कं केलं, तेव्हा कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांतली ही सरासरी 'शून्य' धरली. गंमत म्हणजे नऊही ठिकाणचा समुद्र तंतोतंत एका पातळीत नव्हताच. पण शून्य म्हणायचं ठरलं, म्हणून शून्य. एव्हरेस्टचे 8,848.86 मीटरसुद्धा असेच कुठल्यातरी मानलेल्या समुद्रापासूनचे.

हे सगळं मला आमच्या गल्लीतल्या अण्णांनी सांगितलं. अण्णा निवृत्त ओव्हरसियर. त्यांच्याकडे एक जुनी डंपी लेव्हल आहे. तिच्यातून पाहिलं की जग उलटं दिसतं. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. आकडा चुकला तर फील्डबुकात रबर चालवायचं नाही, आडवी रेघ मारून वर नवा आकडा लिहायचा, असा त्यांचा दंडक. आणि स्टाफवरचा आकडा जितका मोठा, तितकी जागा खाली! हे ऐकून आमच्या गल्लीतले दोन-तीन प्रतिष्ठित जरा अस्वस्थ झाले.

लेव्हल बाहेर काढायचं कारण असं. आमच्या रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो. जुना कोणी खरवडत नाही. रस्ता मुलांसारखा वाढतो, घरं म्हाताऱ्यांसारखी खचत जातात. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यांनी गेल्या साली जोतं उचलून घेतलं आणि फाटकापुढं उतार केला. त्या उताराखाली गटार गेलं. सप्टेंबरातल्या एका पावसात सगळं पाणी कडक भाकरी विकणाऱ्या आक्कांच्या घरात शिरलं. पिठाचा डबा तरंगला.

अण्णांनी मोजायला सुरुवात केली, तेव्हा मूळ खूण कुठली धरायची यावर चर्चा झाली. कुणी देवळाची पायरी म्हणालं, कुणी कोपऱ्यावरचा बंगला. अण्णांनी काही न बोलता स्टाफ आक्कांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि लिहिलं, 100.000. वाचन 1.420, म्हणजे दुर्बिणीची उंची 101.420. रस्त्याच्या मध्यावर 1.190 आलं. वजा केलं की रस्ता 100.230, आक्कांच्या उंबऱ्यापेक्षा नऊ इंच वर. माझं जोतं 100.455. शेजाऱ्यांचं 101.110.

शेजारी तसे सज्जन आहेत. म्हणाले, "माझ्या पैशानं माझं जोतं वाढवलं. आक्कांचं मी काय घेतलं?"

ह्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण वहीत पाहिलं तर आक्कांचा उंबरा काल होता तिथंच आहे. इंचभरही ढळलेला नाही. कुणी त्याला हात लावलेला नाही. तरी बाई बुडाल्या. चोरी झाली आणि माल जागेवर, असा हा गुन्हा! कायद्याचं कलम मला सापडेना. पण मुकाट्यानं वर चढताना आपलं पाणी कुणाच्या दारात जाणार, हे बघणं माणसावर बंधनकारक असावं, असं मला वाटतं. आमच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं बांधलं ते उतार ओळखूनच. त्यांच्याकडे डंपी नव्हती, एवढंच.

हे वाटणं मला जरा महागात पडणार आहे. गवंडी पाणसळ घेऊन येऊन गेला. म्हणतो, दोन फूट उचलू, निर्धास्त व्हाल. म्हणजे शेजाऱ्यांचं पाणी मी पुढं ढकलणार, आणि पुढं आक्काच. दुसरा मार्ग अर्जाचा: नवा थर टाकण्याआधी जुना खरवडा, गटार मोकळं करा. अण्णांनी फील्डबुकाची नक्कल जोडून दिली आहे. गल्लीतल्या अकरा सह्या झाल्या. शेजारी म्हणतात, "करतो की, आधी तुमचं जोतं काय करताय ते कळू द्या."

मृगाला बारा दिवस राहिलेत. वाळूवाला रोज संध्याकाळी दारात येऊन विचारतो, "साहेब, टाकू का?" आणि आतून बायको विचारते, "काय सांगितलंत त्याला?"